आईची खोली

कार्यक्रम फसला म्हणून रागिणीला लाज वाटली असं नव्हे. कार्यक्रम झकास झाला होता. फसला असता तर बरं झालं असतं, असं तिला नंतर कितीदा तरी वाटलं, पण ते नंतर.

अकोल्याच्या एमआयडीसीत कुंदनशेठची डाळमिल आहे. तूरडाळ, हरभराडाळ, बेसन. पाकिटावर नाव ‘माहेरघास’ आणि नावाखाली डोक्यावर पदर घेतलेली एक हसरी आई, हातात वाढायची पळी. ही आई वऱ्हाडातल्या किराणा दुकानांमधून वर्षानुवर्षं हसते आहे आणि शेठचं बरं चाललं आहे. पण मध्यंतरी शेठ कुठल्याशा उद्योजकांच्या शिबिराला गेले आणि येताना एक वाक्य घेऊन आले: ब्रँड पाकिटावर नसतो, माणसांत असतो. आल्या आल्या त्यांनी रागिणीला बोलावलं.

“मॅडम, आपलं माहेर पाकिटावर हाये. मिलमदी कुठी दिसते?”

रागिणी मिलमधल्या माणसांचं खातं सांभाळायची. मूळची अमरावतीची, पुण्यात शिकून आलेली, अकोल्यात खोली करून राहणारी. तोवर तिच्या वाट्याला हजेरी, रजा आणि कँटीनच्या तक्रारी यापलीकडे काही आलं नव्हतं. शेठचा प्रश्न ऐकून तिला वाटलं, आता आपलं शिक्षण कामी आलं. आपल्या पदाच्या नावात ‘ब्रँड’ हा शब्द यावा अशी तिची जुनी इच्छा होती. त्यात वाईट काही नाही, पण इच्छा होती हे सांगून टाकलेलं बरं.

मग काय, बाई कामाला लागली. डाळ निवडायच्या शेडवर पाटी लागली ‘ओसरी’. कँटीनचं ‘सैपाकघर’ झालं. बायकांच्या ॲप्रनला पाकिटावरल्या आईच्या लुगड्याचा काठ आला. आणि रागिणीच्या स्वतःच्या केबिनवर, सगळ्यांत ठळक अक्षरात, ‘आईची खोली’. खाली बारीक अक्षरात: दार लोटलेलं असतं, बंद नसतं.

सुरुवातीला बायका पदरात तोंड घालून हसल्या. पॅकिंगवर देखरेख करणाऱ्या मंजुषाताईंची जीभ मुळातच मोकळी. त्या म्हणाल्या, “मॅडम, आईच्या खोलीतबी रजा नामंजूरच होते का वो?”

पण रागिणी चिकाटीची. बाई कुठल्या गावची लेक आहे, हे तिनं एकेकीला विचारून पाठ केलं. वाढदिवसाला तिच्या आवडीचं काहीतरी सैपाकघरात शिजायचं. आजारी पडली तर रागिणीचा फोन जायचा. हळूहळू हसणं थांबलं आणि बायका खरंच तिच्या केबिनमध्ये येऊन बसू लागल्या. रागिणी नाटक करत नव्हती. मनापासून करत होती, हीच तर अडचण झाली.

त्या सगळ्याचा कळस म्हणून ‘माहेरचा दिवस’ साजरा झाला. मांडव, मसालेभात, जिलबी. रागिणीनं आपल्या हातानं प्रत्येकीची ओटी भरली. विधवा असो, टाकलेली असो, शहाजादीसारखी मुसलमानाची असो, कुणाला वगळलं नाही. माहेरी लेकीची ओटी भरताना कुणी चौकशा करत नसतं, असं तिनं मंजुषाताईंना ठणकावून सांगितलं होतं आणि ते ऐकून मंजुषाताईंचेही डोळे भरून आले होते. मग तिनं माइक घेतला. “सासरी काही झालं, कुठं मन मोकळं करायला जागा नाही उरली, तर या. ही मिल तुमचं माहेर आहे. केव्हाही या.” पुढच्या रांगेत पाकिटं सील करणारी करिश्मा हमसून हमसून रडली. कॅमेऱ्यानं तिला नेमकं टिपलं. तो व्हिडिओ वाऱ्यासारखा फिरला आणि दुकानांची साखळी चालवणाऱ्या नागपूरच्या एका बड्या कंपनीनं कळवलं, की तुमच्याकडे ब्रँड जिवंत आहे म्हणतात, आम्हाला येऊन बघायचंय.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी दुपारी करिश्मा केबिनच्या दारात उभी राहिली. तिची साप्ताहिक सुट्टी होती. अंगावर बाहेर जायची साडी आणि काखेत कापडी पिशवी.

“अगं, आज सुट्टी ना तुला?” रागिणीनं विचारलं.

“कामाले नाही आली मॅडम. माहेरी आली.”

रागिणीला आधी हसू आलं. छान वाक्य आहे, उद्या पाहुण्यांसमोर हिला हेच बोलायला लावावं, असंही क्षणभर वाटून गेलं. मग तिनं पिशवी पाहिली. बाजारहाटाची पिशवी इतकी गच्च नसते.

करिश्मा खुर्चीच्या काठावर बसली आणि रडत-बिडत न बसता सरळ सांगू लागली. ती चांदूर बाजारची. आई-बाप गेलेले. भाऊ आहे, पण भावजय दोन दिवसांवर तिसरा दिवस काढू देत नाही. नवरा जीवन गॅरेजात कामाला आहे, पिणारा नाही, जुगारी नाही, लोकांत चांगला.

“पहिले नुसता हात उचले,” ती म्हणाली. “आता उचलून थांबत नाही.”

“सासूबाई काही म्हणत नाहीत?”

“म्हनते ना. आवाज बाहेर जाऊ देऊ नको म्हनते.”

मग तिनं मागणं मागितलं. ऑफिसच्या मागे, मशीन दुरुस्तीला येणाऱ्या मिस्त्री लोकांसाठी एक खोली होती आणि ती कितीतरी महिने रिकामी होती. “थोडे दिवस तिथी राहू द्या मॅडम. तोपर्यंत मी जागा पाहून घेईन. कामावर खाडा नाही करनार. तुमीच म्हनल्या होत्या, म्हून आली.”

मागणं एवढंच होतं. एक खोली, तीही रिकामी.

ही इथं राहिली आणि नवरा उद्या गेटवर येऊन ओरडू लागला तर? पाहुणे गाडीतून उतरताहेत आणि गेटवर तमाशा चाललाय, असं चित्र तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. त्या चित्रात करिश्मा कुठंच नव्हती. पाहुणे होते, शेठ होते आणि कपाळाला हात लावून बसलेली रागिणी होती.

“बस तू. मी शेठना विचारून येते,” ती म्हणाली आणि बाहेर पडली.

शेठची केबिन व्हरांड्याच्या टोकाला. आतून त्यांचा फोनवर हसण्याचा आवाज येत होता. रागिणी मध्येच पाण्याच्या टाकीपाशी थांबली. पेलाभर पाणी प्याली. आणखी पेलाभर प्याली. दोन माणसं गेली, त्यांना नमस्कार केला. शेठच्या दारापर्यंत ती गेलीच नाही. परत आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, “शेठ नाही म्हणताहेत गं.”

इतकं सहज खोटं आपल्याला बोलता येतं, हे तिला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

पुढचं सगळं आपोआप होत गेलं. शब्द जसे काही तयारच होते. “असं एकदम घर सोडून निघायचं नसतं करिश्मा. भांडणं कुणाच्या घरी होत नाहीत? आज तू निघालीस तर उद्या परतायची वाट राहत नाही. मी बोलते त्याच्याशी, माझं ऐकेल तो.” करिश्मा मान खाली घालून ऐकत राहिली. तिनं ‘नको’ म्हटलं नाही, ‘हो’ही म्हटलं नाही. रागिणीनं जीवनला फोन लावला.

तो आला तेव्हा अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. चपला दाराबाहेर काढल्या, हात जोडले, रागिणीला ताई म्हणाला. “ताई, घरातली गोष्ट हाये. चूक झाली. तुमी हाये म्हून हिची काळजी नाही.” त्यानं कानाला हात लावले. त्याचा तो नम्रपणा पाहून रागिणीचा जीव भांड्यात पडला. सभ्य वाटतो हो, असं ती मनात म्हणाली.

आणि मग तिच्या हातून ते झालं. उद्याच्या पाहुण्यांसाठी आणलेलं सामान कोपऱ्यातल्या टेबलावर मांडून ठेवलं होतं, खण, नारळ, डाळीची पाकिटं. घरून लेक निघाली की तिला रिकाम्या ओटीनं धाडत नाहीत, हे रागिणीच्या हातांना ठाऊक होतं. डोक्याला विचारायला हात थांबले नाहीत. तिनं करिश्माला हळदकुंकू लावलं आणि नारळ पुढं केला. करिश्मानं पदर पसरला. तिच्याही हातांना तेच ठाऊक होतं. पदरात नारळ पडला, खण पडला, डाळ पडली, आणि तेवढ्या वेळात करिश्मानं एकदाच मान वर करून रागिणीकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर रागिणीला काहीतरी उत्तर देता आलं असतं. राग नव्हता. आपण कुठं आलो होतो हे आता नीट कळलं, एवढंच त्या नजरेत होतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, ओसरी पाहून खूश झाले, सैपाकघरात जेवले. ‘आईची खोली’ या पाटीसमोर त्यांनी रागिणीला उभं करून फोटो काढला. करिश्मा कामावर आली नव्हती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही आली नाही. तिच्या मशीनवर दुसरी बाई बसली. मंजुषाताईंनी सहज सांगितलं, की फोन लागत नाही, आणि रागिणीनं सहज ऐकल्यासारखं केलं.

रविवारी ती अमरावतीला घरी गेली. आईनं तो व्हिडिओ अख्ख्या गल्लीला दाखवून ठेवला होता. जेवण झाल्यावर आई भांडी विसळत असताना रागिणीनं करिश्माची गोष्ट काढली. मिलमधली एक पोरगी म्हणून, सहजच. फक्त खोट्याचा भाग तेवढा गाळला.

“बराबर केलं तू,” आई म्हणाली. “पोरीले असंच समजावून धाडा लागते. आपन रूपालीले नाही धाडलं? आता हाये ना थे मजेत.”

रूपाली रागिणीची थोरली बहीण. ती एकदा अशीच भरदुपारी पिशवी घेऊन दारात उभी राहिली होती. रागिणी तेव्हा कॉलेजात होती. आईनं दारातच सांगितलं होतं, असं एकदम घर सोडून निघायचं नसतं. भांडणं कोणाच्या घरी होत नाहीत? त्या रात्री रागिणी जेवली नव्हती. आईशी कितीतरी दिवस बोलली नव्हती. मी आई झाले तर अशी होणार नाही, असं स्वतःला बजावत राहिली होती. आणि करिश्माला शब्दाला शब्द तेच बोलली. आवाज सोडला तर काही फरक नव्हता.

“मजेत हाये असं थे म्हनते,” रागिणी म्हणाली.

“मंग?”

“काही नाही.”

आई पुन्हा भांड्यांकडे वळली. रागिणीला तिचा राग यायला हवा होता, पण आता कोणत्या तोंडानं यावा? आईनं निदान घरावर पाटी लावली नव्हती. माइक हातात घेऊन केव्हाही या म्हटलं नव्हतं. रागिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्रभर तिला ती पाटी दिसत राहिली आणि त्या पाटीखाली दात काढून उभी असलेली आपण.

सोमवारी मिलमध्ये पाय ठेवताच ती शेठकडे गेली. बसलीसुद्धा नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. टाकीपाशी थांबल्याचं, खोट्याचं, ओटीचंही.

कुंदनशेठ बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिले. नोकरी गेली, असं रागिणीनं धरून चाललं. तसं झालं असतं तर तिला सुटल्यासारखं वाटलं असतं.

“खोली तं रिकामीच हाये,” ते शेवटी म्हणाले. “मले विचारलं काहून नाही?”

“पाहुणे येणार होते, शेठ.”

“पाहुन्यायले काय सांगाचं होतं? हेच ना, का आमच्याकडं माहेर हाये म्हून?” त्यांच्या आवाजात चीड नव्हती, नवल होतं. शिबिरातून आणलेलं ते वाक्य या दुकानदार माणसानं खरं मानलं होतं. पाट्या लावणारीनं मानलं नव्हतं. “चौकीदाराकडून चाबी घ्या. आनि जा, घेऊन या तिले.”

रागिणीनं किल्ली घेतली. स्कूटी काढली आणि शिवणीच्या बाजूला, करिश्माच्या घरी गेली. गल्लीत विचारत विचारत पोचली तेव्हा सासू पार्बताबाई दारात लसूण सोलत बसल्या होत्या. जीवन कामावर गेलेला.

“या, या,” पार्बताबाई म्हणाल्या. “अवं, बाहेर ये. तुह्या माहेरचे मानसं आले.” आणि मग रागिणीकडे वळून, हसतच: “चांगलं केलं बाई तुमी, ओटी भरून धाडलं तिले. आता कुठी जाईन म्हनते? दोन्ही माहेरं पाहून झाली तिची.”

करिश्मा बाहेर आली. चेहऱ्यावर काही नव्हतं. मात्र पाण्याचा तांब्या तिनं एकाच हातानं दिला आणि दुसरा हात कोपरापासून अंगाशी धरून ठेवला. रागिणीच्या डोळ्यांना डोळा न भिडवता तिनं चटई अंथरली, तीही एका हातानं.

“कशी आहेस?” रागिणीनं विचारलं. दुसरं काय विचारणार?

“मजेत हाव. मंजुषाताई कशा हायेत? आन् शहाजादीच्या पोरीचा ताप उतरला का?”

तिनं सगळ्यांची नावं घेऊन खुशाली विचारली. सासरी कुणी भेटायला आलं की लेक विचारते तशी, आणि सासूनं ऐकावं अशा आवाजात. रागिणी एकेक उत्तर देत राहिली. खिशात किल्ली होती आणि ती बाहेर काढायला जागा नव्हती. थोड्या वेळानं ती उठली. करिश्मा सासूला म्हणाली, “कोपऱ्यापर्यंत सोडून येतो त्याईले.” पाहुण्याला वाटेला लावायचं असतंच. पार्बताबाईंनी मान हलवली.

कोपऱ्यावर स्कूटी उभी होती. रागिणीनं मागं वळून पाहिलं. दार तिथून दिसत नव्हतं.

“बस मागं,” ती घाईघाईनं म्हणाली. “खोलीची किल्ली आणलीये. शेठ हो म्हणाले. तुझे कपडे नंतर आणू, नाहीतर नकोच आणू. पोलिसात जायचं असेल तर मी येते बरोबर. तू फक्त बस.”

करिश्मानं स्कूटीच्या सीटकडे पाहिलं.

“शेठ तं नाही म्हनले होते ना?”

आता हे सांगणं टाळता आलं असतं. शेठचं मन बदललं, असं म्हटलं की झालं असतं, पोरगी बसलीही असती कदाचित. रागिणीच्या जिभेवर ते वाक्य आलं होतं.

“मी विचारलंच नव्हतं त्यांना,” ती म्हणाली. “खोटं बोलले मी. पाहुणे येणार होते म्हणून भ्याले. माफ कर, असं तरी कसं म्हणू? पण चूक माझी आहे. शेठची नाही.”

आपण रडलो तर ही आपल्यालाच समजावत बसेल, हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं कसंबसं स्वतःला आवरलं. करिश्मानं पदर सारखा केला, दुखरा हात त्याच्या आत घेतला.

“मले वाटलंच होतं,” ती म्हणाली. “तुमी लौकर आल्या होत्या परत.”

“बस ना गं आता.”

“नाही मॅडम. हप्त्याभरात येईन मी कामावर. मशीन माह्यी कोनाले देऊ नका.”

“आणि राहायला? इथंच?”

“नाही. जागा पाह्यली मी.”

रागिणीला इतकं बरं वाटलं, की तिनं करिश्माचा धड हात हातात घेतला. “कुठं? केव्हा जाणार आहेस? मी येते ना सामान हलवायला.”

करिश्मानं हात सोडवून घेतला. झटकला नाही, हळूच सोडवला.

“थे तुमाले नाही सांगत,” ती म्हणाली. “तुमी फोन लावून द्यान त्याले.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आपल्या माणसांबद्दल जे ठाऊक असतं ते सांगावं, तसं तिनं ते सांगितलं. आणि पार्बताबाईंना संशय यायच्या आत ती गल्लीत परत वळली.

रागिणी तिथंच उभी राहिली. नाही लावणार, असं ओरडून सांगावं असं तिला वाटलं, पण ते ऐकून कुणी का विश्वास ठेवावा, याचं एकही कारण तिला सापडलं नाही.